कूपे घ्यायची की हॉट हॅच? आधी फेरीबोटीचा धक्का बघा

रायबंदरच्या धक्क्यावर थोडा वेळ उभं राहिलं तर गाड्यांच्या जाहिरातींत कधीच न सांगितलेली एक गोष्ट कळते. चोडणहून आलेल्या बोटीची लोखंडी फळी सिमेंटच्या उतारावर टेकते. उतार पाण्याकडे खाली जातो आणि फळी तिथून वर चढते, त्यामुळे दोन्हींच्या सांध्यात एक खोलगा तयार होतो. साधी हॅचबॅक तिथून खडखडत निघून जाते. लांब नाकाची बुटकी गाडी मात्र ओठ घासते, आणि बंपरखालचा तो काळा प्लास्टिकचा ओठ बदलायला लागणारा खर्च ऐकून मालकाचाही चेहरा तसाच होतो.

जोरदार गाडी घ्यायची आहे, बजेट आहे, आणि मन दोन ठिकाणी अडकलंय: देखणी दोन दारांची कूपे, की दिसायला घरगुती पण चालवायला तिखट अशी हॉट हॅचबॅक? पुणे-मुंबईच्या माणसाला या प्रश्नाचं एक उत्तर असेल. गोव्यात फेरी, घाट, चार महिन्यांचा पाऊस, खारा वारा आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, हे सगळे मध्ये बोलतात. घरात दुसरी गाडी नसेल तर हॅच घ्यावी, असं आमचं मत आहे. असेल तर पुढचं वाचून ठरवा.

नावं नीट समजून घेऊ

कूपे हा शब्द फ्रेंच. अर्थ 'कापलेली'. मागचा भाग कापून छोटी केलेली घोडागाडी, तिथून हे नाव मोटारीवर आलं. दोन दारं, मागे उतरत जाणारं छत, पुढे दोन खऱ्या सीट आणि मागे नावापुरत्या दोन. चार दारांच्या उंच गाडीचं छत मागे उतरतं केलं आणि तिला 'कूपे एसयूव्ही' म्हटलं, तरी ती कूपे होत नाही. टाटाची कर्व्ह किंवा सिट्रोएनची बसाल्ट चांगल्या गाड्या असतील, पण हा लेख त्यांच्यासाठी नाही.

हॉट हॅच म्हणजे बाजारहाटाच्या गाडीत जास्त ताकदीचं इंजिन, कडक सस्पेन्शन आणि मोठे ब्रेक. या प्रकाराला प्रतिष्ठा दिली ती फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने. १९७५ च्या फ्रँकफर्ट मोटार प्रदर्शनात ती दाखवली गेली आणि १९७६ मध्ये विक्रीला आली. १.६ लिटरचं इंजिन, ११० पीएस (म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती). कंपनीने सुरुवातीला जेमतेम पाच हजार गाड्यांचा अंदाज धरला होता. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

आपल्याकडे या घराण्यातल्या गाड्या तीन पायऱ्यांवर बसतात. खालच्या पायरीवर ह्युंदाई आय२० एन लाइन आणि २०२४ मध्ये आलेली टाटा अल्ट्रोज रेसर. दोन्हींत १२० पीएस, एकीत एक लिटरचं आणि दुसरीत १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल. काटेकोर बोलायचं तर या 'गरम' नाहीत, 'कोमट' आहेत. मधली पायरी बरीच वर आहे: मिनी कूपर एस, २०४ पीएस. त्याच्याही वर गोल्फ जीटीआय. ती २०२५ च्या मे महिन्यात पूर्ण आयात होऊन आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत ५३ लाख होती. २६५ पीएस, १०० चा वेग ५.९ सेकंदांत. कूपेच्या बाजूला मात्र खालच्या पायऱ्याच नाहीत. पन्नास लाखांच्या आत नवी कोरी दोन दारांची कूपे आज मिळत नाही. बीएमडब्ल्यू एम२ कोटीच्या घरात जाते. म्हणून गोव्यात कूपेचा विचार करणारा माणूस बहुतेक वेळा जुनी फोर्ड मस्टँग, ऑडी टीटी किंवा तत्सम गाडी शोधत असतो. ते डोक्यात ठेवा, शेवटी तिथेच यायचं आहे.

पोट कुठे घासतं

ब्रोशरमधला ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. गाडीचं पोट कशावर टेकेल हे दोन गोष्टी ठरवतात: पोटाची जमिनीपासून उंची आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. अंतर जितकं लांब, तितकं मधलं पोट उंचवट्यावर लवकर टेकतं. अल्ट्रोजचं पोट १६५ मिलिमीटरवर आणि चाकांमधलं अंतर २५०१ मिलिमीटर. भूमितीने हिशेब केला तर साधारण १५ अंशांचा उंचवटा ती न घासता ओलांडते. पोट १३५ वर आणि अंतर २६३० असलेल्या गाडीला हाच कोन १२ अंशांच्या आत येतो. तीन अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. गावातला स्पीडब्रेकर आडवा आला की कळतं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गोल स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तो असा पसरट असेल तर कुठलीही गाडी आरामात जाते. पण शाळेसमोर, चॅपेलसमोर, देवळाच्या वळणावर लोकांनी वर्गणी काढून घातलेला ब्रेकर हातभर रुंदीचा आणि भिंतीसारखा उभा असतो. तो तिरका घ्यायचा: एका वेळी एकच चाक चढेल असा. त्यासाठी समोरून काही येत नाही हे बघावं लागतं, आणि मागचा पिकअपवाला हॉर्न मारतोच.

आणखी एक हिशेब ब्रोशरमध्ये नसतो. दिलेला आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. चार माणसं आणि सामान घातलं की गाडी दोन-तीन सेंटिमीटर सहज खाली बसते. टेस्ट ड्राइव्हला एकटं जाऊन 'कुठेच लागली नाही' म्हणणं म्हणूनच फसवं.

कुठली चाकं ओढतात

गाडी चालवण्यातला खरा फरक इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

हॉट हॅचमध्ये इंजिन पुढे आडवं बसतं आणि पुढचीच चाकं गाडी ओढतात. वजनाचा साठ टक्क्यांहून जास्त भाग पुढे असतो. खऱ्या खेळकर कूपेमध्ये, उदाहरणार्थ एम२ किंवा मस्टँगमध्ये, मागची चाकं ढकलतात आणि पुढची फक्त वळवतात. सगळ्याच कूपे तशा नसतात. टीटी पुढच्या किंवा चारही चाकांवर चालते. म्हणून आकारावर न जाता कुठली चाकं चालतात हे विचारा.

टायरच्या पकडीला एक रुपया समजा. ओढणं, थांबणं, वळणं, सगळं त्या एका रुपयातून. गंमत अशी की हिशेब सरळ वजाबाकीचा नाही. ८० पैसे ओढण्यात घातले तरी वळायला ६० उरतात, कारण या दोन शक्ती काटकोनात काम करतात. पण पूर्ण रुपया ओढण्यात घातला की वळायला शून्य. चोर्ला घाटात केरीहून वर जाताना, ओल्या वळणात जीटीआयचा अ‍ॅक्सिलेटर अर्ध्यातच खोल दाबला तर नेमकं हेच होतं: स्टिअरिंग वळलेलं, गाडी मात्र सरळ बाहेरच्या कठड्याकडे. याला अंडरस्टिअर म्हणतात. उपाय सोपा आणि अंगभूत आहे. घाबरलेला माणूस पाय उचलतो, पाय उचलला की वजन पुढे येतं, पुढच्या टायरना पकड मिळते आणि गाडी पुन्हा वळते.

मागून ढकलणाऱ्या गाडीत त्याच जागी त्याच चुकीने शेपूट बाहेर जातं. इथे घाबरून पाय एकदम उचलला तर मागचं वजन आणखी हलकं होतं आणि शेपूट जास्तच फिरतं. म्हणजे माणसाची सहज प्रतिक्रिया एका गाडीत औषध ठरते आणि दुसरीत विष. आजच्या गाड्यांतलं ईएससी, म्हणजे गाडीचा तोल सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, एकेका चाकाला ब्रेक लावून हे बऱ्याच अंशी सावरतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्याचं बटण कुणी बंद करू नये. 'स्पोर्ट' मोडमध्ये ते किती ढिलं होतं हे मॅन्युअलमध्ये वाचून ठेवा.

आता उलट बाजू. फेरीतून उतरून धक्क्याचा शेवाळलेला उतार चढताना वजन मागे सरकतं. पुढून ओढणाऱ्या गाडीची पुढची चाकं हलकी होऊन जागीच फिरतात, मागून ढकलणारी गाडी मात्र शांतपणे चढते. हॅचवाल्याने तिथे पहिल्या गिअरमध्ये, टर्बो जागा होऊ न देता, दीड हजारांच्या आसपास आरपीएम ठेवून निघावं. चाक फिरायला लागलं तर अ‍ॅक्सिलेटर वाढवायचा नाही, कमी करायचा.

ताकद १५० पीएसच्या पुढे गेली की पुढून ओढणाऱ्या गाडीत आणखी एक खोड दिसते: पूर्ण अ‍ॅक्सिलेटर दिला की स्टिअरिंग हातात डावी-उजवीकडे ओढतं. जीटीआयमध्ये यासाठी पुढच्या धुरीवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असतं, ते एकच चाक नुसतं फिरू देत नाही. १२० पीएसच्या गाडीला त्याची गरज पडत नाही, आणि खरं सांगायचं तर अनमोड घाटात १२० पीएस पूर्ण वापरायलाही रस्ता मोकळा मिळावा लागतो.

टायरची उंची मोजा, रुंदी नव्हे

टायरवरचे आकडे वाचायला शिकलात तर निम्मी फसवणूक टळते. १९५/५५ आर१६ म्हणजे टायर १९५ मिलिमीटर रुंद आणि बाजूची भिंत त्याच्या ५५ टक्के, म्हणजे १०७ मिलिमीटर उंच. हा आय२० एन लाइनचा टायर. २२५/४० आर१८ ची भिंत ९० मिलिमीटर. एम२ च्या मागच्या २८५/३० आर२० ची ८५. खड्ड्याची धार रिमपर्यंत पोहोचण्याआधी मध्ये तेवढंच रबर आणि हवा असते. पावसात खड्डा पाण्याने भरलेला असतो, त्यामुळे खोली दिसतच नाही. अशा वेळी टायरच्या भिंतीवर फुगा येतो, म्हणजे आतले धागे तुटलेले असतात. असा टायर पॅच लावून चालत नाही, बदलावाच लागतो. बऱ्याच कूपेंमध्ये स्टेपनी नसते, नुसता पंक्चर किट असतो, आणि भिंतीच्या जखमेवर तो निरुपयोगी ठरतो.

शिवाय मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतील तर ते पुढे-मागे अदलाबदल करता येत नाहीत. मागची जोडी लवकर झिजते आणि तेवढीच जोडी घ्यावी लागते.

रुंद टायर कोरड्यात चिकटतो, पण साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, कारण जास्त पाणी बाजूला सारायचं असतं. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात, कायद्याने १.६ पर्यंत चालतात. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. इथे १.६ ची वाट बघणं म्हणजे पोलिसांना खूश ठेवणं, टायरला नाही. ३ मिलिमीटर उरले की मे महिन्यातच बदला.

दार, मागची सीट आणि चवथ

कूपेला दोनच दारं, म्हणून ती लांब असतात. लांब दार उघडायला बाजूला जागा लागते. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी, किंवा पणजीच्या मळा भागात भिंतीला लागून गाडी लावली की दार फूटभर उघडतं आणि तेवढ्यातून माणूस बाहेर येत नाही. घरच्या शेडची रुंदी टेपने मोजा: गाडीची रुंदी, त्यात चालकाच्या बाजूला निदान ८० सेंटिमीटर. हॅचचं पुढचं दार आखूड असल्याने कमी जागेतही जास्त कोनात उघडतं. अल्ट्रोजची दारं तर ९० अंशांत उघडतात. आजी मागे बसणार असेल तर याची किंमत कळते.

लहान मुलाची सीट घरात असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. कूपेच्या मागच्या सीटला आयसोफिक्सचे हूक असू शकतात, पण पुढची सीट सरकवून, वाकून, मुलाला उचलून आत घालणं, तेही पावसात, रोज दोनदा. आठवडाभर जमेल.

सामानाचं गणित लिटरमध्ये करू नका. आय२० ची डिकी ३११ लिटरची आहे, मोठ्या कूपेची त्याहून जास्तही असेल. फरक तोंडाचा आहे. कूपेचं झाकण लहान आणि तोंड आखूड. हॅचचं मागचं अख्खं दार काचेसकट वर जातं. चवथीला कुंभाराकडून दोन फुटी मूर्ती आणायची असेल तर हॅचमध्ये मधला फळा काढायचा, मागच्या सीटची पाठ पाडायची, खाली जाड गोणपाट घालून मूर्ती उभीच ठेवायची आणि पाठीमागे एका माणसाने धरून बसायचं. माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या छताचं) सामान, नारळ, केळीचे घड, आंब्याचे टाळे हे सगळं दुसऱ्या फेरीत. कूपेत देव मांडीवरच घ्यावा लागतो.

ट्रॅफिकमधला गिअरबॉक्स

ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दोन जातींचे. सुक्या क्लचचा हलका आणि स्वस्त. आय२० एन लाइनचा ऑटोमॅटिक तसा आहे. ओल्या क्लचच्या चकत्या तेलात बुडलेल्या असतात, उष्णता तेल घेऊन जातं. जीटीआयचा तसा. पर्वरीच्या कोंडीत किंवा डिसेंबरात कळंगुटच्या रस्त्यावर गाडी इंच इंच पुढे सरकते तेव्हा सुका क्लच सतत अर्धा लागलेला राहतो, तापतो आणि धक्के देऊ लागतो. समोर दोन-तीन गाड्यांची जागा मोकळी होऊ द्या, मग एकदाच पुढे व्हा. चढावर गाडी अ‍ॅक्सिलेटरवर तोलून धरू नका, ब्रेक दाबा. रोज कोंडीतूनच जायचं असेल तर सहा गिअरचा मॅन्युअल घ्या, क्लच प्लेट तरी स्वस्तात बदलते.

पेट्रोलसाठी टाकीच्या झाकणाच्या आतला स्टिकर वाचा. तिथे ९५ किंवा ९८ ऑक्टेन लिहिलं असेल आणि तुम्ही त्याहून कमी घातलं, तर इंजिनचा नॉक सेन्सर ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, ताकद मात्र जाते. म्हणजे पैसे मोजलेले पीएस टाकीतच राहतात.

पैशाची बाजू

२२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन आणि चार मीटरच्या आत लांबी असलेल्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्या पेट्रोल गाड्यांवर ४० टक्के. आय२० एन लाइन ९९८ सीसी आणि ३९९५ मिलिमीटर, म्हणजे काठावरून पण आत. दोन लिटरची आयात गाडी ४० मध्ये, आणि कस्टम ड्युटी वेगळी.

विम्यात शून्य घसारा घ्याच, पण गोव्यात त्याहून महत्त्वाचं आहे ते इंजिन प्रोटेक्ट. बुटक्या गाडीचा हवेचा पाइप खाली असतो. साचलेल्या पाण्यात तो पाणी ओढतो, पाणी दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुधा बसत नाही. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. चावी काढा, ढकलून बाहेर आणा आणि फ्लॅटबेड बोलवा. दुसऱ्यांदा स्टार्टर मारल्याचं वर्कशॉपमध्ये इंजिन उघडल्यावर दिसतं, आणि मग क्लेमवर वाद होतो.

खाऱ्या वाऱ्याला दोन्ही गाड्या सारख्याच बळी पडतात. फरक वापराचा. रोज चालणाऱ्या हॅचच्या ब्रेक डिस्क रोज घासून स्वच्छ होतात. रविवारीच निघणाऱ्या कूपेच्या डिस्कवर आठवड्यात गंज धरतो आणि पॅडही चिकटू शकतात. किनाऱ्याजवळ राहत असाल तर पंधरा दिवसांतून एकदा गोड्या पाण्याने पोट धुवा. किनाऱ्यावर गाडी घालणं हा तर गुन्हाच आहे, पण दर हंगामात कुणीतरी घालतं आणि ट्रॅक्टर बोलावतं.

जुनी कूपे बघायला गेलात तर

गाडी परराज्यातली असेल तर आधी कागद. मूळ आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर, मालकी बदलासाठी २९ आणि ३०, नव्या जीए क्रमांकासाठी २७. कर इथे पुन्हा भरावा लागतो, जुन्या राज्यातला उरलेला परतावा मागता येतो. ही रक्कम किंमत ठरवण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

मग टायरच्या भिंतीवरचे चार आकडे. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. खाचा भरपूर असूनही रबर सहा वर्षांचं असेल तर चार नव्या टायरचे पैसे किमतीतून वजा करा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ असेल तर गाडी पुरात होती. दार अर्धं उघडून टोकाला वर उचलून बघा. लांब दार जड असतं, बिजागरी ढिली झाली की ते खाली बसतं.

आणि शेवटी काच. बऱ्याच कूपेंच्या दाराला वर चौकट नसते, काच थेट छताच्या रबरात शिरते. हँडल ओढलं की काच आपोआप थोडीशी खाली सरकली पाहिजे आणि दार लागल्यावर पुन्हा वर गेली पाहिजे. दोन्ही दारांवर पाच-पाच वेळा करून बघा. बॅटरी अशक्त असेल किंवा मोटर मेली असेल तर काच सरकत नाही, प्रत्येक वेळी रबर फाडत बाहेर येते, आणि पहिल्याच आषाढात गालिच्याखाली पाणी साचतं. म्हणून पुढच्या सीटखालचा गालिचा दाबून बघा. हाताला ओल लागली तर किंमत बोलूच नका.